हाड म्हणजे आण

नाक पुसता न येणाऱ्या पोरांना मी काना-मात्रा शिकवलेली आहे. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षं सांभाळला की बाईमाणसाला एक भ्रम होतो: जगात कोणालाही काहीही शिकवता येतं, फक्त आवाज खणखणीत पाहिजे. गेल्या हिवाळ्यात हा भ्रम माझ्या अंगावरून उतरला. उतरवणारी दोन पिल्लं होती आणि त्यांना मिळून एक शेपूट धड स्थिर ठेवता येत नव्हतं.

आमचं घर देऊळघाटच्या वाटेवर, वावराच्या तोंडाशी आहे. घरात माणसं तीन. शेती पाहणारे आमचे हे, ओटीवर बसून सगळ्या जगावर नजर ठेवणाऱ्या सासूबाई, आणि स्कूटीवरून रोज बुलढाण्याच्या शाळेत जाऊन येणारी मी. मुलगा पुण्याला नोकरीत. दिवाळीला तो आला तो भोकं पाडलेलं एक खोकं घेऊन.

"मित्राच्या कुत्रीची पिल्लं आहेत, आई. बॉर्डर कॉली म्हणतात. मेंढ्या वळणारी विलायती जात, फार हुशार. माझ्या सोसायटीत ठेवू देत नाहीत. थोडे दिवस राहू दे इथे."

त्याचे 'थोडे दिवस' मला चांगले माहीत आहेत. गिटार थोडे दिवसच ठेवायला दिली होती. जागच्या जागी चालवायची सायकल थोडे दिवसच होती, आता तिच्यावर टॉवेल वाळतात. पण गिटार कोणाच्या पायाशी येऊन झोपत नाही. ही झोपली. संपला विषय.

आमच्या घरात कुत्रं कधीच नव्हतं. गावातली कुत्री दाराशी यायची, उरलेली भाकरी खायची, "हाड" म्हटलं की जायची. तेवढाच काय तो व्यवहार. आता बॉर्डर हा शब्द गावभर झाला आणि शेजारचे काका मुद्दाम पाहायला आले.

"मास्तरीनबाई, हे मिल्ट्रीतून रिटायर होऊन आले का?"

"अहो काका, पिल्लं आहेत ती."

"मंग भरती व्हायचे हायत वाटते."

नावावरून घरात एकमत होईना. मुलगा पुण्याहून रोज इंग्रजी नावं सुचवायचा आणि ती सासूबाईंच्या तोंडात गेली की पालेभाजीसारखी व्हायची. शेवटी खोक्यातून आधी उडी मारली तो थोरला आणि मागून बाहेर आली ती धाकटी, एवढ्यावर भागवलं.

थोरल्याला जन्मजात खोड होती, दिसेल ते तोंडात धरून पळायचं. सासूबाईंची गोधडी, यांचा रुमाल, माझा स्कूटीवर घालायचा एक हातमोजा. एकच. दुसरा त्याने कधी नेला नाही, कारण मग मी नवी जोडी घेतली असती. धाकटी कशालाच तोंड लावायची नाही. ती नुसती बघायची. एका सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाईंच्या साऱ्या कोंबड्या ओट्याखाली कोपऱ्यात गोळा होऊन उभ्या, प्रार्थनेला उभी केल्यासारख्या. आणि दारात धाकटी, पोट जमिनीला टेकवून, डोळ्याची पापणी न हलवता. एकही कोंबडी चूं करत नव्हती. माझ्या वर्गात इतकी शांतता मी कधी पाहिलेली नाही.

"काढ वं ते पिल्लं घरातून," सासूबाई म्हणाल्या. "कोंबड्या अंडे द्यायच्या बंद झाल्या माह्या. भेऊन राह्यल्या."

त्याच दिवशी थोरल्याने वहीतपासणीचा लाल पेन चावला आणि ओसरी लाल करून ठेवली. मी रागारागात नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून टाकलं: "दोन पिल्लांपैकी एक कोणाला हवं का? उत्तम जात. फुकट."

पहिला अंगठा आला नंदोयांचा.

आमचे नंदोई म्हणजे या घरचे जावई. देऊळगाव राजाच्या पलीकडे त्यांचं मोठं शेत आहे. माणूस दिलदार, पण एकदा का बाजेवर आडवे झाले की उठवायला पाऊसच यावा लागतो. अंगठ्यापाठोपाठ त्यांचा फोन आला.

"वैनी, एक आपलं पक्कं बरं का. पण वस्तू आणून द्यायला शिकवून ठेवा. बाजेवरून म्हणलं चप्पल, की चप्पल आली पायजे. मोबाइल म्हणलं, की मोबाइल."

"हो भाऊजी, शिकवते की. त्यात काय."

फोन ठेवला तर सासूबाई समोरच. या घरात एक रीत आहे. जावयाला नाही म्हणायचं नाही. ताटात वाढताना नाही, बोलण्यात नाही. सासूबाईंनी ती रीत मला लग्नानंतर मिठाच्या डब्याबरोबरच दाखवली होती.

"जवायाले देल्लेला शब्द आता वापस घेत नसतात वं," त्या म्हणाल्या. "शिकव आता."

मी शिकवायला घेतलं.

मुलाने व्हिडिओ पाठवले. त्यात एक गोरी बाई हिरव्यागार गवतावर उभी राहून चेंडू फेकते, कुत्रा आणून देतो, ती कमरेच्या पिशवीतून त्याला खाऊ देते. मी जुन्या ओढणीच्या टोकाला तूप लावलेले भाकरीचे तुकडे बांधले आणि सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात उतरले. हिरवळीच्या जागी ढेकळं होती, एवढाच फरक. बाईंच्या सूचना मी वर्गातल्या पाढ्यांसारख्या पाठ केल्या होत्या. एका वेळी एकच पिल्लू घ्या, दुसरं बांधून ठेवा. वस्तूचं नाव स्पष्ट उच्चारा. एकच शब्द धरा, बदलू नका.

खोक्यात मुलाने एक रबरी हाड दिलं होतं. आता वस्तूचं नाव हाड. मी तेच उच्चारलं. ओठ नीट उघडून, पहिलीच्या वर्गाला 'ह' शिकवतात तसं.

"हा-ड! हा-ड!"

थोरला सुसाट सुटला. पटकन हाड तोंडात धरलं. मी टाळ्या वाजवल्या, उड्या मारल्या, भाकरी दिली. पुन्हा फेकलं. पुन्हा "हाड!" पुन्हा तो सुटला. मला असा आनंद झाला की मी ओटीकडे वळून ओरडले, "आत्याबाई, पाहिलं का! शब्द कळला त्याला!"

सासूबाई बराच वेळ बघत होत्या.

"अवं," त्या म्हणाल्या, "तू त्याले बलावून राह्यली का हाकलून राह्यली?"

मी हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून उभी राहिले. कुत्र्याला हाकलायला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या एकच शब्द आहे, आणि मी मराठी शिकवणारी बाई त्याचा अर्थ उलटा करून बसले होते. आता गावात पिल्लांना जो कोणी हाकलेल त्याच्याकडे ही दोघं नाचत जाणार.

लगेच शब्द बदलून पाहिला. 'आण' घेतला. साधा, सोपा, दोन अक्षरांत मावणारा. पण आमच्या घरात 'आण' सकाळपासून सुरू असतो. अहो, दूध आणा. अवं, चहा आण. सिलिंडर आणा, माझा चष्मा आण. सुरुवातीला पिल्लं प्रत्येक वेळी कान टवकारून उठायची. मग त्यांनी नीट निरीक्षण केलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की या घरात 'आण' म्हटल्यावर कोणीच जागचं हलत नसतं. त्यांनीही हलणं सोडलं. हाड मात्र पक्कं बसलं होतं.

त्याचा निकाल शेजारच्या काकूंनी लावला. त्यांनी अंगणात फडक्यावर मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. माझी दोघं तिकडे हुंगत गेली. काकू धावल्या, "हाड! हाड! हाड रे!" मी कुंपणाशी पोचेपर्यंत उशीर झाला होता. थोरल्याने इतक्या तळमळीने दिलेली आज्ञा आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती. त्याने जवळची वस्तू निवडली, म्हणजे फडक्याचं टोक, आणि सगळ्या वड्यांसकट ते ओढत माझ्याकडे आणू लागला. धाकटी काकूंच्या भोवती गोल फिरत होती. काकू डावीकडे गेल्या की ती डावीकडे, उजवीकडे गेल्या की उजवीकडे. काकूंना त्यांच्याच अंगणात त्यांच्याच तुळशीपलीकडे जाता येईना.

"बाई, म्या हाड हाड करून राह्यली अन् हे आणून राह्यलं! कोन्त्या शाळेत शिकवलं वं याले?"

मी वड्या वेचून दिल्या. माफी मागितली. वर तिळाचे लाडू नेऊन दिले. पण खरं सांगायचं तर कुंपणाकडून घरी येताना मला हसू आवरत नव्हतं, कारण त्याने आणलं होतं! ओढत, वड्या सांडत, पण माझ्या दिशेने!

वावरात मात्र तो आणत नव्हता. धरायचा आणि पळायचा. पोचायचा पार धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत. मी मागे. धसकटं पायाला टोचतायत, ढेकळात चप्पल रुतून बसलीय, ओढणीतून भाकरी गळतेय आणि तो दर थोड्या अंतरावर थांबून मागे वळून बघतोय की बाई येतायत ना. मला त्याच्या नजरेत शाबासकी दिसायची. हे धुऱ्यावर बसून बघत असत.

"कोण कोणाले शिकवून राह्यलं, मले एवढंच सांग," ते म्हणायचे. "धावायले तं तू चांगली शिकली."

धाकटीची तऱ्हा वेगळी. तिची पाळी आली की मी हाड फेकायची, ती जायची, हाडापासून हातभर अंतरावर पोट टेकवून बसायची आणि त्याच्याकडे रोखून बघत राहायची. हाड कोंबडी असतं तर चालत आलं असतं. रबरी हाड कसलं चालतंय! मी वाट बघायची, ती वाट बघायची, हाडही वाट बघायचं. शेवटी मीच जाऊन उचलून आणायची. हे म्हणाले, "ह्या शिकवणीत आतापर्यंत तूच पास झाली."

मग एका संध्याकाळी धाकटीने दोर तोडला.

मी थोरल्याबरोबर वावरात होते. त्याने नेहमीप्रमाणे हाड उचललं आणि धुऱ्याकडे धूम ठोकली. मी कंबर धरून उभी. एवढ्यात माझ्या बाजूने काहीतरी काळंपांढरं सरकन गेलं. धाकटी. तुटका दोर मागे फरफटतोय. ती त्याच्यामागे सरळ नाही गेली. लांबचा वळसा घेतला, पार तुरीच्या ओळींना लागून, आणि त्याच्याही पुढे निघून जाऊन एकदम खाली बसली. त्याच्या वाटेवर. डोळे त्याच्यावर.

थोरला थबकला. उजवीकडे वळला. ती आधीच उजवीकडे. डावीकडे वळला. ती डावीकडे. तोंडातलं हाड सावरत त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बाई, हिला काही सांगा. बाई काय सांगणार! ती एक पाऊल पुढे आली, तो एक पाऊल मागे सरला. अशी ती त्याला वळत आली, अगदी शहाण्या गुराख्यासारखी, आरडाओरडा नाही, चावाचावी नाही, नुसती नजर. आणि माझ्या पायाशी येऊन त्याने हाड टाकलं. दुसरा काही इलाजच ठेवला नव्हता तिने.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी किंचाळले. दोघांना एकाच वेळी उचलायला गेले आणि तिघंही ढेकळात पडलो. उठून ओढणीतली सगळी भाकरी उधळली. "अहो, आणलं! आणलं हो तिनं त्याच्याकडून!" हे धुऱ्यावरून धावत आले. या माणसाला मी लग्नानंतर धावताना पाहिलेलं नव्हतं.

"पुन्हा फेक," ते म्हणाले.

फेकलं. हाड! थोरला सुटला, धाकटी वळसा घेऊन गेली, आणलं. पुन्हा. आणलं. अंधुक व्हायला लागलं तरी आम्ही दोघं नवराबायको आळीपाळीने फेकतोय आणि ती दोघं आणतायत. यांनी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. त्यात बहुतेक वेळ माझाच आवाज आहे. शाळेतली माझी प्रमाणभाषा त्यात कुठेही सापडत नाही. "पाह्य, पाह्य, कशी वळून राह्यली! अबे थोरल्या, चाल की आता घरी!"

तो व्हिडिओ मी त्याच क्षणी ग्रुपवर टाकला. मातीने माखलेल्या अंगठ्याने. खाली लिहिलं, "शिकली!!!"

पहिलं उत्तर जावयांचं होतं. "वा वा वैनी. शिकलं की. संक्रांतीच्या आधी येऊ लागलो न्यायला."

मी ते वाचलं, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकणाऱ्या दोघांकडे पाहिलं. दोन्ही डोकी एकाच मांडीवर. यांतलं एक जाणार होतं. मीच फुकट म्हणून दिलं होतं, मीच शिकवून तयार केलं होतं, आणि आता मीच जाहिरातही केली होती.

पुढचे दिवस मी रोज एक नवी युक्ती काढली आणि यांनी रोज ती मोडली.

"पिल्लू आजारी आहे म्हणू का?"

"मंग बहीण माही दवा घेऊन येईन."

"सगळं विसरली म्हणू?"

"तूच तं शिकवते दररोज. विसरू दे की. नापास कर, मास्तरीन आहे ना तू."

तेवढं मात्र जमेना. शाळेतून आले की दोघं फाटकाशी उभी असायची, थोरल्याच्या तोंडात हाड, धाकटीची नजर माझ्या स्कूटीच्या चाकावर. मग एकदा फेकायचं म्हणून फेकायची आणि अंधार पडेपर्यंत फेकत राहायची. आता थोरला वळसा ओळखून आधीच वळायला लागला होता. धाकटी आणखी लांबून जायला लागली होती. काय देखणं दिसायचं ते! जितकी ती सुधारत होती तितकी मी बुडत होते, आणि तरी मला थांबवत नव्हतं. सासूबाईंकडे शब्द टाकून पाहिला.

"आत्याबाई, भाऊजींना समजावून सांगितलं तर?"

"सांग की," त्या म्हणाल्या. "पण नाही म्हनू नोको."

नाही न म्हणता नाही कसं म्हणायचं, ते काही त्यांनी शिकवलं नाही.

जावई आले. नणंदबाई सोबत होत्या. मी वांग्याचं भरीत आणि पुऱ्या केल्या होत्या. त्यांनी आग्रहाशिवाय चार वेळा भरीत घेतलं, मग कडुलिंबाखालच्या बाजेवर आडवे झाले आणि म्हणाले, "हं वैनी. होऊ द्या सुरू."

मनातून मी देवाला म्हटलं, आज या पिल्लांना काही सुचू देऊ नको. थोरल्याला झोप येऊ दे. धाकटीला कोंबडी दिसू दे. आणि हाड हातात घेतलं मात्र, अंगात काय संचारलं कोण जाणे! मी ते असं फेकलं, असं फेकलं, की आजवर कधी तितकं लांब गेलं नव्हतं. "हाड!"

जावई दचकून उठून बसले. "कामून हाकलू लागल्या वो?"

"बघा तर भाऊजी!"

थोरला बाणासारखा गेला. धाकटीने तुरीच्या कडेने असा वळसा घेतला की कान मागे सपाट झाले. त्याने उचललं, ती समोर, तो वळला, ती बरोबर मागे. सरळ रेषेत घेऊन आली त्याला, बाजेच्या पायापर्यंत. हाड जावयांच्या पायावर पडलं.

"अरे बापरे!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे बापरे! पुन्हा!"

मी पुन्हा फेकलं. नणंदबाई टाळ्या वाजवत होत्या. हे मला डोळ्यांनी खुणावत होते, की थांब, बाई, थांब. मी कुठली थांबते! आणखी एकदा. आणखी लांब. माझ्या पिल्लांनी पहिल्या नंबराने पास व्हावं आणि त्याच वेळी नापास व्हावं, अशी माझी दोन मनं दोन दिशांना धावत होती, आणि त्यांना वळायला कोणी नव्हतं.

"बरं," जावई म्हणाले, "आता यातलं एकेक दाखवा. कोणतं न्यावं ते पाहू."

यांनी धाकटीला धरून ठेवलं. मी फेकलं. थोरला गेला, हाड घेऊन थेट धुऱ्यावर जाऊन बसला आणि ते चघळू लागला. बोलावलं, ओरडले, भाकरी दाखवली. आला नाही. मग थोरल्याला धरलं आणि धाकटीला सोडलं. ती गेली, हाडासमोर पोट टेकवलं, आणि बघत बसली.

जावयांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. वाचले!

"हे तर बैलजोडीवानी हाय," ते यांना म्हणाले. "डाव्याला उजव्याची सवय. एक नेऊन काय करू? जोडी फोडू नाही माणसानं."

"हाव ना," हे घाईघाईने म्हणाले. "जोडी फोडूच नोये."

"मंग दोन्ही नेतो."

यांनी एकदम आभाळाकडे पाहिलं. सासूबाई पानाचा डबा उघडत होत्या, त्यांचा हात तिथेच राहिला. सगळ्यांना माहीत होतं आता काय होणार. कोणीतरी म्हणणार, हो, न्या की, तुमचीच आहेत.

"नाई," मी म्हणाले.

बोलून गेल्यावर मला कळलं की तो आवाज माझा होता. वर्गातला खणखणीत नव्हता. तुटका, घाबरलेला, पण चांगला ऐकू येण्यासारखा.

"नाई देत म्या, भाऊजी. एकही नाई. म्या फुकट म्हणलं होतं ते चुकलंच माहं. तुम्ही वाटल्यास आणखी चार दिवस राहा, भरीत खा, पण हे नाई देत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग जावयांकडे. पानाचा डबा त्यांनी हळूच बंद केला, जणू त्या आवाजानेही काही बिघडेल. जावयांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पायांनी चप्पल शोधायला सुरुवात केली, आणि मला वाटलं, झालं, रुसले. आता गाडी निघेल, आणि या घरात माझ्या नावाने ही गोष्ट पुढच्या पिढ्यांना सांगितली जाईल.

तेवढ्यात नणंदबाई नवऱ्याकडे बोट दाखवून हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून.

"बरं झालं बाई, कोणीतरी यायले नाही म्हणलं! म्या इतके वर्सं म्हणून राह्यली, यायच्या कानातच जात नाही. आज गेलं का? गेलं ना?"

"मला काय दोन्ही पायजे होते का?" जावई म्हणाले. चप्पल अजून एकच सापडली होती. "मी पाहू लागलो होतो, की वैनी नाही म्हणतात का."

"मलाही तसंच वाटलं, भाऊजी," मी म्हटलं.

"हाव, तसंच असन," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. "जवाईबापू गमतीचेच हायत पहिल्यापासून."

सगळ्यांनी ते मान्य केलं. यांनीही मान डोलावली. मी चहा ठेवायला आत पळाले. गॅसशी उभी राहून मी हसले आणि मग थोडी रडले. साखर दोनदा घातली.

बाहेर आले तर बाज रिकामी. जावई एका पायात चप्पल घालून वावरात उभे होते, हाड त्यांच्या हातात, आणि माझी दोघं त्यांच्यासमोर थरथरत तयार.

"वैनी, शब्द कोणता म्हणला होता? हाड?"

"हाड."

"हाड!" ते गरजले आणि फेकलं. जोर इतका लावला की ते वावर ओलांडून तुरीत घुसलं. ऊन पिल्लांच्या डोळ्यावर होतं, त्यांना दिसलंच नाही. दोघं त्यांच्या हाताकडेच बघत राहिली.

जावई तुरीत शिरले. बाजेवरून न उठणारा माणूस ओळीओळीने वाकून शोधत होता आणि नणंदबाई इकडून ओरडत होत्या, "तिकडे नाही, डावीकडे वं माय, डावीकडे!" तुरीचे शेंडे हलत राहिले. मग ते बाहेर आले. डोक्यात तुरीचा पाला, शर्टाचं एक बटण तुटलेलं, आणि हाड उंच धरलेलं.

"चहा घ्या, भाऊजी. थंड होईल."

"राहू द्या," ते धापा टाकत म्हणाले. त्यांनी उरलेली चप्पलही काढून बाजूला फेकली आणि हाड माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही फेका. मी यांच्या आधी जातो. कामून हसू लागल्या? फेका ना!"

मी फेकलं. तिघंही सुटली.